अक्काचं तमिळ गाणं

लग्न होऊन मी पोफळीच्या कॉलनीत आले तेव्हा शेजारच्या क्वार्टरला कुलूप होतं. त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, मधे एकच भिंत. ती इतकी पातळ, की पुढे तिकडे कुणी पाटा ओढला तर इकडे आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे. सहा-आठ महिन्यांनी ते कुलूप निघालं आणि एक मद्रासी जोडपं राहायला आलं. कोयनेच्या कामावर दक्षिणेकडून आलेल्या कुणालाही आम्ही तेव्हा सरसकट मद्रासीच म्हणायचो. ही माणसं तमिळ, त्यांचं गाव मद्रासच्याही पुढे रेल्वेनं एक अख्खी रात्र, हे मला फार उशिरा कळलं.

तिचा नवरा यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत फोरमन होता. आमचे हे पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर. पॉवरहाऊस डोंगराच्या पोटात, बोगद्यातून बस आत जायची. त्यामुळे कॉलनीत कुणी विचारलं, साहेब कुठे आहेत, तर उत्तर यायचं, "आत गेलेत." माझ्या माहेरी चिपळूणजवळच्या खेड्यात आत जाणे म्हणजे तुरुंगात जाणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चांगलीच दचकले होते.

पुरुष आत गेले की कॉलनी बायकांची. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसायचो. ती तिच्या पायरीवर, मी माझ्या पायरीवर, मधे तारेवरचे कपडे. तिला मराठी येत नव्हतं. माझी हिंदी शाळेतली, आणि तिची हिंदी तीन-चार ठिकाणच्या बदल्यांत गोळा केलेली. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, ते इतकं लांब होतं की मला धड म्हणता येईना. मग तिनं विचारलं, "तुम कितना साल?" मी म्हटलं, "बाईस." तिनं बोटांवर स्वतःचं वय सांगितलं, माझ्यापेक्षा आठानं जास्त, आणि म्हणाली, "मैं अक्का."

मी म्हटलं, "आमच्यातपण मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात."

तिला ते खरं वाटेना. मी पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा ती खूप हसली, आणि त्या दिवसापासून तिला सगळी कॉलनी अक्का म्हणू लागली. मला ती तंगच्ची म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिची स्वतःची मुलगी आजोळी राहून शाळा शिकत होती, कारण दर दोन वर्षांनी बदली व्हायची आणि दरवेळी भाषा बदलायची. मुलीचा फोटो तिनं मसाल्याच्या डब्यांच्या वर लावला होता, तेलाच्या वाफेनं तो पिवळा पडला होता.

तिच्याकडे एक टू-इन-वन होता. गावाहून येताना तिनं पाच-सहा कॅसेटी भरून आणल्या होत्या, पण दुपारी भांडी घासताना ती एकच गाणं लावायची. सिनेमातलं नाचाचं गाणं. सुरुवातीला नुसतं डफासारखं काहीतरी वाजायचं, मग सनईसारखं पण सनईपेक्षा जाड आवाजाचं वाद्य, आणि मग एका बाईचा आवाज एकदम वर चढायचा. तिच्या प्रत्येक ओळीला मागून पाच-सात बायका उत्तर द्यायच्या. शब्द एक कळत नव्हता. पण तो ठेका असा होता की भिंतीपलीकडे वाजला तरी पोळी लाटता लाटता माझं लाटणं त्या तालावर चालायचं. हे एकदा चिडून म्हणाले, "दुसरी कॅसेट नाही का त्यांच्याकडे?" आणि पाचव्या मिनिटाला दाढी करताना स्वतःच गुणगुणायला लागले.

हे सगळं पहिल्या वर्षातलं. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात, दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी पाणी भरताना पोटात कळ आली. ह्यांनी कॉलनीतली जीप मिळवली आणि मला चिपळूणला नेलं. मुलगी होती. ती रडली नाही. मला तिला पाहू दिलं नाही. तेव्हा तशीच पद्धत होती, आणि मीही मागितली नाही. आज मी मागितली असती.

माहेरी सव्वा महिना राहून मी परत आले. आल्यावर बायका भेटायला येऊन गेल्या. सगळ्या मायेनंच बोलत होत्या. "वय काय गेलंय तुझं?" "पुढच्या वर्षी बघ." "देवाच्या मनात असेल ते." प्रत्येकीला मी मान हलवून हो म्हणायची. ती गेली की दार लावायची आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. हे कामावरून आले की स्वतःच भात टाकायचे. दोघंही फार बोलत नव्हतो. मला वाटायचं त्यांना दुःख झालेलं नाही, आणि त्यांना वाटायचं मला त्यांच्याशी बोलायचं नाही. हे आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी एकमेकांकडून कळलं.

अक्का आली ती दहीभात घेऊन. वाडगं माझ्यासमोर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. काही बोलली नाही. तिच्याकडे तसे शब्दच नव्हते, म्हणून असेल. मी खाल्लं, तिनं वाडगं उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर असं चाललं. एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली होती. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून गाणं एकदाही वाजलं नाही. ती माझ्यासाठी गप्प भांडी घासत होती.

एका दुपारी मीच म्हटलं, "अक्का, गाना क्यों बंद?"

तिनं विचारलं, "लगाऊँ?"

"लगाओ."

ती घरी गेली आणि तिथे न लावता टू-इन-वनच उचलून माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आली. ओट्यावर ठेवला, बटण दाबलं. डफ वाजायला लागला तशी मला रडू फुटलं. हॉस्पिटलपासून मी रडले नव्हते. अक्कानं गाणं बंद केलं नाही. ते संपेपर्यंत ती उभी राहिली, मग कॅसेट मागे फिरवली, पुन्हा लावलं, आणि माझा हात धरून म्हणाली, "रोना, ठीक. अब उठना."

असा तो नाच सुरू झाला. रोज दुपारी अडीच वाजता, दार लावून, माझ्या स्वयंपाकघरात. पाय आधी शिकवला. डावा पाय मागे, उजवा त्याच्या मागे, कंबरेत वाकून. पुढे न जाता मागे मागे सरकायचं. मग हात. डाव्या हातात काहीतरी धरल्यासारखं आणि उजव्या हातानं ते खाली खोवायचं. दोन दिवस मी नुसती नक्कल करत होते. तिसऱ्या दिवशी वाकलेली असताना एकदम कळलं, की मी आईसारखी दिसते आहे. आषाढात खाचरात भात लावताना माझी आई अशीच मागे मागे सरकायची.

मी उभी राहून विचारलं, "अक्का, ये चावल का खेत?"

"हाँ. नाट्टु." ती जमिनीत रोप खोवायची खूण करत म्हणाली. मग हिंदी आणि हातवारे मिळून तिनं गाण्याचा अर्थ सांगितला. एक बाई दिवसभर भात लावून घरी येते. गावात जत्रा असते. नवरा उशिरा येतो, आणि ती त्याला म्हणते, आता तुझ्याबरोबर येत नाही, मी माझ्या मैत्रिणींबरोबर नाचते. सिनेमात हिरॉईन हे भरजरी कपड्यांत टेकडीवर नाचते, असंही तिनं सांगितलं आणि तोंड वाकडं केलं. "साडी सफेद. कीचड नहीं, कुछ नहीं." म्हणून तिनं स्वतःच्या पायऱ्या बसवल्या होत्या. लग्नाआधी तीही शेतात उतरायची.

होळीपर्यंत माझं पोट धरून बसणं थांबलं. दुःख गेलं असं म्हणणार नाही. पण अडीच वाजायची मी वाट बघायला लागले होते, आणि दिवसात वाट बघण्यासारखं काही असणं त्या दिवसांत फार होतं.

पावसाळ्यात सासूबाई राहायला आल्या. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी शेवाळलेल्या बांधावरून त्या घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर डॉक्टरांनी दीड महिना त्या हाताला काम द्यायचं नाही असं सांगितलं होतं. ऐन लावणीच्या दिवसांत घरी बसलेली शेतकरीण म्हणजे काय असते ते मी तेव्हा पाहिलं. त्या सकाळी उठून खिडकीशी बसायच्या, आभाळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज खालचा कुणगा लावून झाला असंल." कुणगा म्हणजे भाताचं छोटं खाचर. त्यांच्या डोळ्यांपुढे सगळी जमीन तुकड्यातुकड्यानं उभी असायची.

त्या आल्यावर मी नाच बंद केला. अक्काला खुणेनं सांगितलं, सास. तिनं समजून मान हलवली. पण त्याच सुमारास कॉलनीच्या गणपतीची मीटिंग झाली. बायकांच्या कार्यक्रमाला काय करायचं यावर चर्चा चालली असताना अक्कानं हात वर केला आणि म्हणाली, "हम डान्स देगा." आणि बोट माझ्याकडे केलं.

कार्यक्रमाचं बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठलं गाणं?"

"तमिळ," मी म्हटलं.

"अहो, गणपतीपुढे तमिळ गाणं? कुणाला काय कळणार? आणि सिनेमातलं?"

मी म्हटलं, "भाताच्या लावणीचं आहे." हे ऐकल्यावर कोपऱ्यातल्या चार-पाच जणी माना वर करून बघायला लागल्या. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त बायका खेड्यातून आलेल्या, शेताचा चिखल पायाला लागलेल्या. एकीनं विचारलं, "आम्ही आलो तर चालेल?" अशा आठ जणी झालो.

घरी सासूबाईंना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी ह्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी जेवताना हळूच विषय काढला. सासूबाईंनी डाव्या हातानं घास घेतला, चावला, गिळला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीला वर्स नाय झालं अजून, नि तू नाचतंस?"

मी पानावरून उठले. रागानं नाही. त्या बोलल्या त्यातला "पोरीला" हा शब्द मला लागला. त्या मुलीचा उल्लेख इतक्या महिन्यांत कुणीच केला नव्हता. "झालं ते झालं" असंच सगळे म्हणत होते. सासूबाईंनी मात्र ती पोर होती असं मोजलं होतं, तिचं वर्ष मोजत होत्या. मला त्यांचा राग यावा की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावं, तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. तिला वाटलं, सगळं ठरलंय. बरोबर दोघी-तिघी होत्याच. सासूबाई पुढच्या खोलीत पडल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून आम्ही आवाज बारीक करून गाणं लावलं. मीही वाकले. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही, आणि खरं म्हणजे मला नाही म्हणायचंच नव्हतं.

दुसरं कडवं चालू असताना दार उघडलं. सासूबाई उभ्या होत्या, प्लास्टरचा हात गळ्यात. आम्ही सगळ्या वाकलेल्या तशाच थांबलो. अक्कानं पटकन गाणं बंद केलं. सासूबाई अक्काच्या डाव्या हाताकडे बघत होत्या.

"ह्या काय धरलंस हातात?" त्यांनी विचारलं.

अक्काला कळेना. मी म्हटलं, "आई, तरवा आहे तो. रोपं. भाताची लावणी दाखवतोय."

"तरवा असा कोण धरतो काय?" त्या आत आल्या. कोपऱ्यात कोथिंबिरीची जुडी होती ती उचलली, माझ्या डाव्या हातात दिली, मग माझं कोपर धरून ते माझ्या वाकलेल्या गुडघ्यावर टेकवलं. "मूठ हितं ठेवायची, मांडीवर भार देवन. नायतर दिवसभर हात उचलून धरशील काय? खांदा जाईल." मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जुळवून हवेतच चूड, म्हणजे दोन-चार रोपांचा झुबका, खोवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, बारीक झटका देऊन. तो झटका आमच्यापैकी एकीच्याही हातात नव्हता.

अक्का पुढे झाली आणि मान हलवत तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मग स्वतः वाकून दाखवलं. तिच्याकडे मूठ तळहातावरच धरतात, गुडघ्याला हात लावत नाहीत. सासूबाईंनी ते नीट पाहिलं. "पाऊस कसा झेलतात पण? पाठीवर इरलं असल्यावर हात असा वर येयाचाच नाय." इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पानं लावून केलेलं, डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठ झाकणारं पावसातलं छत. मी मोडक्या हिंदीत अक्काला विचारलं. ती म्हणाली, "बारिश नहीं. धूप." तिच्या गावी कालव्याच्या पाण्यावर, उन्हात भात लावायचे.

सासूबाईंना याचं भारी आश्चर्य वाटलं. "उनात लावणी?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मग पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "लाव गो तुझा गाना. बघू दे."

आम्ही नाचलो. त्या शेवटपर्यंत बघत बसल्या. बाकीच्या गेल्यावर मी भांडी आवरत होते. सासूबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "माजी दोन गेली. तुझ्या नवऱ्याच्या आदी एक, मागनं एक. दुसऱ्याच्या येळंला बाराव्या दिवशी मी खाचरात होतंय. मला कोणी नाचाय नाय नेलान."

मी हातातलं पातेलं ठेवलं. ह्यांनाही ठाऊक नव्हतं की त्यांची दोन भावंडं गेली होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला, कोथिंबिरीनं ओला असेल म्हणून लगेच उचलला आणि लुगड्याला पुसून पुन्हा ठेवला.

त्यानंतर तालीम त्याच घेऊ लागल्या. इरली त्यांच्याच डोक्यातून निघाली. गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर निरोप पाठवून त्यांनी आठ इरली मागवली. पहिलं कडवं इरली घालून करायचं, मग डफ वाढला की ती एकदम पाठीवरून खाली टाकायची आणि जत्रेतला नाच सुरू करायचा. अक्काला हे इतकं आवडलं की ती इरलं घालून पावसात कॉलनीभर एक फेरी मारून आली.

केसांत माळायला मी माहेराहून अबोली आणवली. ती बघून अक्का हरखली. हेच फूल तिच्याकडे बायका रोज माळतात, त्याला कनकांबरम म्हणतात. आल्यापासून दोन वर्षं तिला इथे ते दिसलं नव्हतं. तिनं पाय मुडपून बसून आठही वेण्या स्वतः गुंफल्या, सुई न घेता, नुसत्या बोटांनी आणि दोऱ्यानं.

कार्यक्रम संध्याकाळी सातला हॉलमध्ये होता. कॅसेट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही म्हणून अक्का स्वतः नाचात न येता विंगेत टू-इन-वनशी बसली होती. आमच्या आधी लहान मुलांची गाणी आणि एक नाटुकलं झालं. पडदा उघडला तेव्हा आठ इरली पाठमोरी वाकलेली बघूनच लोक हसायला आणि टाळ्या द्यायला लागले. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं ठीक गेलं. इरली खाली पडली, मागच्या रांगेतून शिट्टी आली, आणि त्याच वेळी कॅसेट अडकली. एकच स्वर लांबत लांबत जाड झाला आणि बंद पडला. इतक्या तालमींनी ती टेप बिचारी झिजून गेली होती.

आम्ही थांबलो. मी विंगेत अक्काकडे बघितलं. ती टू-इन-वनशी खटपट करत होती. टेप गुंतून बाहेर आली होती. तिनं ती तशीच सोडली, उभी राहिली आणि गायला लागली. तिचा आवाज काही गाण्यातल्या बाईसारखा नव्हता, बारीक होता आणि घाबरलेला होता. पण एक ओळ तिनं म्हटल्यावर मागच्या बायकांचं जे उत्तर होतं, ते आम्ही आठ जणींनी दिलं. आम्हाला ते पाठ होतं हे आम्हालाच माहीत नव्हतं. शब्द कसले होते देव जाणे, प्रत्येकीचे निराळे असतील, पण सूर एक होता.

हॉलच्या बाजूला भजनाची ढोलकी ठेवलेली होती. पॉवरहाऊसमध्ये हेल्पर असलेले एक गृहस्थ तिथेच उभे होते. जवळच्याच वाडीत त्यांचा जाखडीचा नाच होता. गणपतीत गोलात फेर धरून नाचतात तो. त्यांनी ढोलकी ओढली आणि दुसऱ्या ओळीला ठेका पकडला. अक्का आता विंगेतून बाहेर आली होती, स्वयंपाकाच्या साध्या साडीत. ती गात होती, आम्ही नाचत होतो, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत उत्तराची ओळ सगळा हॉल म्हणत होता. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं प्लास्टर चारच दिवसांपूर्वी निघालं होतं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

कॅसेट बंद पडली नसती तर ते गाणं एका संध्याकाळचं होऊन गेलं असतं, असं मला नेहमी वाटतं. लोकांनी ते स्वतःच्या तोंडानं म्हटलं, म्हणून ते राहिलं.

विसर्जनानंतर ते ढोलकीवाले आमच्या पायरीशी आले. अक्काला चाल पुन्हा म्हणून दाखवा म्हणाले. तिनं चार वेळा म्हटली. अर्थ मी सांगितला. ते जरा विचार करून म्हणाले, "वहिनी, उशिरा येणारा नवरा आमच्या लोकांना समजायचा नाही. आमचे नवरे येतच नाहीत, मुंबईला असतात." पुढच्या गणपतीला त्यांच्या नाचात ती चाल आली:

तरवा उपटिला, मूठ बांधिली, कंबर वाकली गो
धनी माझा मुंबैला, वाट त्याची पाहिली गो

मागच्या बायकांच्या उत्तराच्या जागी मात्र त्यांनी तमिळ ओळच ठेवली होती, म्हणजे ती जशी ऐकू आली तशी. तिला अर्थ नव्हता आणि ती बदलायची कुणाला गरज वाटली नाही.

हे ऐकायला अक्का नव्हती. त्याआधीच फाल्गुनात तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामान फार नव्हतंच, अर्ध्या ट्रकचं. सासूबाई तेव्हा गावी परतल्या होत्या, जाताना ती त्यांच्यासाठी निरोप ठेवून गेली की त्यांनी हात जपावा. मला म्हणाली, "तंगच्ची, आना." मी म्हटलं, येईन. दोघींनाही माहीत होतं की हे होणार नाही. तिची दोन पोस्टकार्डं आली, नवऱ्याच्या हातची, इंग्रजीत. ह्यांनी वाचून दाखवली. उत्तरं आम्ही पाठवली. तिसरं कार्ड आलं नाही. त्यांची पुन्हा बदली झाली असेल, किंवा आमची कार्डं हरवली असतील. मी खूप दिवस पोस्टमनला विचारत असे, मग विचारायचं सोडलं.

त्याच वर्षी मला पुन्हा दिवस गेले, आणि यावेळी सगळं नीट झालं. मुलगी झाली. सासूबाई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या तेव्हा त्याच चालीवर काहीतरी म्हणायच्या. कडव्याच्या मधे कधी कधी नुसतं "उनात लावणी, उनात लावणी" असं घोळवायच्या.

गाणं आमच्याही पुढे गेलं. आमच्या गावी गौरी आल्या की बायका फुगड्या झाल्यावर ते धरायच्या. चिपळूणच्या बँडवाल्यांनी ते उचललं. नवरा मांडवाशी आला की ते क्लॅरोनेटवर वाजायचं, आणि सनईपेक्षा जाड आवाजाच्या त्या वाद्याची जागा तिथे बरोबर भरून निघायची. ह्यांच्या एका मित्रानं मूळ कॅसेट मुंबईहून शोधून आणून दिली. आम्ही ती लावली, आणि गंमत अशी की ती आम्हालाच परकी वाटली. फार झटपट, फार वाद्यं. हे म्हणाले, "आपलं बरं आहे."

कॉलनी आम्ही सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. हे निवृत्त झाल्यावर आम्ही गावी घर बांधलं. सासूबाई नव्वदीच्या आसपास गेल्या. गेल्या गौरींना पुतण्याची नवी बायको आली होती, साताऱ्याकडची. फेर धरल्यावर तिनं विचारलं, "हे कुठलं गाणं?"

तिची जाऊ म्हणाली, "आपलंच. गावचं. खूप जुनं आहे."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. म्हणजे हे तमिळ सिनेमातलं, पोफळीच्या एका अक्कानं आणलेलं, असं सगळं. पण पोरी नवं कडवं म्हणायला लागल्या होत्या. त्यात मुंबईचा धनी व्हिडिओ कॉल करतो आणि बाई चिखलाचा हात दाखवून त्याला म्हणते, फोन ठेव, कामं पडलीत. हे कुणी रचलं, मला ठाऊक नाही. बायका हसत होत्या. त्या कडव्यातली तिसरी ओळ फार घाईची आहे, मला ती त्या दिवशी काही केल्या जमेना. नवी सून रात्री पोरींबरोबर ते कडवं म्हणत होती, म्हणून सकाळी तिच्यासाठी चहा करताना मी तिला ती ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. तिलाही अर्धीच येत होती.